कुलूप आमचे, किल्ली सरकारची?



जिल्हा मेळाव्याच्या या अंकात भाव, वीज आणि कर्ज यांच्या जोडीला एक नवा विषय आम्ही घेत आहोत. आपल्या मोबाइलवरून जाणारा संदेश सरकारने वाचावा काय, आणि तो इतर कोणाला वाचता येऊ नये म्हणून त्याला जे कुलूप असते ते मोडण्याचा अधिकार सरकारला असावा काय, हा तो विषय. ‘हे शहरातल्या शिकलेल्या मंडळींचे दुखणे, आपल्याला त्याचे काय?’ असा प्रश्न गावोगावच्या बैठकांत विचारला जातो. आमचे उत्तर सरळ आहे. ज्याला सरकारशी घासाघीस करावी लागते, त्याचा हा विषय आहे. आणि शेतकऱ्याइतकी सरकारशी घासाघीस या देशात दुसऱ्या कोणाला करावी लागत नाही.

आधी आपल्या घरचा हिशेब

एके काळी आंदोलनाची तारीख पोस्टकार्डावर जायची, नाही तर एस.टी.ने येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती चिठ्ठी द्यावी लागायची. आज रास्ता रोको कुठल्या फाट्यावर, ट्रॅक्टर किती, जेवणाची सोय कोणाकडे, पहिली अटक कोणी करून घ्यायची आणि मागे कोणी राहायचे, हे सगळे फोनवर ठरते. चळवळीचा फोन म्हणजे चळवळीची ओसरी. तिथे काय बोलणे चालले आहे हे समोरच्या पक्षाला आधीच कळले, तर फाट्यावर आपण पोचण्यापूर्वी पोलिसांची गाडी पोचलेली असते.

ही कल्पना नव्हे. दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले असताना जानेवारी २०२१ च्या शेवटी सिंघू, गाझीपूर आणि टिकरी येथे गृह मंत्रालयाने इंटरनेट बंद केले. १ फेब्रुवारीला किसान एकता मोर्चाचे ट्विटर खाते सरकारी आदेशाने काही तास झाकले गेले. त्याच महिन्यात, आंदोलनाला पाठिंबा कसा द्यावा याची टिपणे असलेला एक कागद इंटरनेटवर तयार केला म्हणून बंगळूरच्या एका तरुणीला दिल्ली पोलिसांनी राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक केली. त्याच प्रकरणात महाराष्ट्रातल्या दोघांना मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. तरुणीला जामीन देताना दिल्लीच्या सत्र न्यायाधीशांनी पुरावा तुटपुंजा असल्याचे नोंदवले आणि व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रूप काढणे हा काही गुन्हा नव्हे, हेही सांगितले. एवढे सांगायला न्यायालय लागले! फेब्रुवारी २०२४ मध्ये शेतकरी पुन्हा दिल्लीकडे निघाले, तेव्हा हरियाणातल्या सात जिल्ह्यांचे मोबाइल इंटरनेट मोर्चा निघण्याआधीच बंद झाले होते.

२०२० च्या त्या तीन कृषी कायद्यांविषयी महाराष्ट्रातल्या शेतकरी संघटनांत दोन मते होती, आजही असतील. पण शेतकऱ्यांनी आपसात बोलायचे की नाही, याविषयी दोन मते असू शकत नाहीत. कायद्याच्या बाजूचा शेतकरी आणि विरोधातला शेतकरी, दोघांचा फोन एकाच सरकारच्या हाती आहे.

रुमाल कोणाच्या हातावर?

आमच्यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. ‘तुम्ही मंडळी बाजार समितीत पारदर्शकता मागता, उघड लिलाव मागता, आणि इथे मात्र गुप्तता मागता, हे कसे?’

आक्षेप चांगला आहे. त्याचे उत्तर हत्ता पद्धतीतच आहे. जुन्या जाणत्यांना ती आठवत असेल. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटे दाबत आणि भाव ठरवत. शेतकऱ्याचा माल मात्र फाट्यावर ओतलेला, सगळ्या बाजारासमोर उघडा. त्याचे कर्ज किती, त्याला आज पैशाची नड किती, गाडीभाडे देऊन माल परत नेण्याची त्याची ताकद किती, हे सगळ्यांना ठाऊक; आणि रुमालाखाली काय चालले आहे हे फक्त त्याला ठाऊक नाही. आपला विरोध याला होता. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याचा व्यवहार उघड असला पाहिजे, आणि ज्याच्यावर ती चालते त्याची मूठ झाकलेली राहिली पाहिजे. दोन्ही मागण्या एकाच न्यायाच्या आहेत. लिलाव उघड हवा म्हणून शेतकऱ्याच्या घरातली पेटी चौकात आणून उघडा, असे कोणी म्हटले आहे काय?

टेहळणीच्या कायद्यांत नेमके उलटे आहे. रुमाल सरकारच्या हातावर आणि मूठ आमची उघडी. कोणाचा फोन ऐकला, का ऐकला, किती दिवस ऐकला, यातले काहीही त्या माणसाला कधीच कळवले जात नाही. काम संपल्यावरही नाही. गुप्तचर संस्थांना माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ ने त्या कायद्यातून बाहेर ठेवले आहे. नागरिकांच्या खासगी माहितीच्या रक्षणासाठी म्हणून २०२३ साली जो कायदा झाला, त्याच्याही कलम १७ मध्ये केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचना काढून त्यातून मोकळे करू शकते. म्हणजे शेताभोवती कुंपण घातले आणि एका गुरासाठी त्याला फाटक ठेवले. ते गुरू सगळ्यांत मोठे, हे वेगळे सांगायला नको.

इंग्रज गेला, कलम राहिले

तारयंत्राचा कायदा १८८५ चा. ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ असे कारण दाखवून तार अडवण्याचा आणि वाचण्याचा अधिकार सरकारला त्याच्या पाचव्या कलमाने मिळत होता. परक्या राज्याला प्रजेचा भरवसा नव्हता, म्हणून त्याने हे कलम ठेवले, हे समजू शकते. स्वराज्याने ते का ठेवले?

१९९१ च्या सुमारास राजकीय पुढाऱ्यांचे फोन ऐकले जात असल्याचे प्रकरण बाहेर आले आणि पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. फोनवरचे बोलणे हा खासगी आयुष्याचा भाग आहे, घटनेच्या एकविसाव्या कलमाचे त्याला संरक्षण आहे, असे न्यायालयाने सांगितले. पण प्रत्येक आदेश आधी न्यायाधीशापुढे गेला पाहिजे, ही मागणी मान्य झाली नाही. आदेश गृहसचिवाने काढावा आणि सचिवांच्या समितीने तो नंतर तपासावा, अशी व्यवस्था लावली गेली. बाबूने काढलेला आदेश बाबूंनीच तपासायचा! आजही तेच चालू आहे. केंद्रात मंत्रिमंडळ सचिव आणि राज्यात मुख्य सचिव या समितीचे प्रमुख. तिच्यात न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा प्रतिनिधी नाही.

पुढे इंटरनेट आले. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. २००८ च्या दुरुस्तीने त्याचे ६९ वे कलम असे वाढवले गेले की कोणत्याही संगणकातली माहिती अडवता, पाहता आणि तिचे कुलूप काढून घेता यावी. १८८५ च्या कायद्यात निदान आणीबाणी किंवा सुरक्षिततेची पूर्वअट होती. इथे तीही गेली. कुलूप काढायला मदत केली नाही तर सात वर्षांपर्यंत कैद. डिसेंबर २०१८ मध्ये गृह मंत्रालयाने एका आदेशाने दहा यंत्रणांना हा अधिकार दिला. त्यांत गुप्तचर खाते आहे, तसेच आयकराचे मंडळही आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला. १४० हून अधिक विरोधी खासदार निलंबित असताना तो संसदेत मंजूर झाला. ‘गुलामीच्या खुणा पुसल्या’ असे त्याचे कौतुक झाले. १८८५ चे ते कलम मात्र त्याच्या विसाव्या कलमात सुखरूप आहे. वर संदेश ‘समजेल अशा स्वरूपात’ अधिकाऱ्याच्या हाती द्यावा, असे शब्द त्यात आहेत. त्याच वर्षीच्या टपाल कायद्याने पत्र आणि पार्सल उघडण्याचा अधिकारही नव्याने बांधून घेतला. पाटी बदलली, दुकान तेच.

यात एका पक्षाला बोल लावून भागणार नाही. १९८६ चे टपाल विधेयक काँग्रेसचे, २००८ ची दुरुस्ती काँग्रेसच्याच आघाडीची, २०२१ चे नियम आणि २०२३ चे कायदे भाजपचे. विरोधात असताना ज्याचा फोन ऐकला जातो तो ओरडतो, आणि खुर्चीवर बसला की कानाला यंत्र लावतो.

दोन सेकंदांचा न्याय

‘पण समिती आहे ना तपासायला?’ असे सरकारी वकील विचारतात. आपण हिशेब करू.

न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये केंद्राला अहवाल दिला. दंगलींच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला हे नाव चांगले माहीत आहे. माहिती अधिकारात मिळालेल्या आकड्यांच्या आधारे त्या अहवालात म्हटले आहे की ही तपासणी समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि एका बैठकीत तिच्यापुढे पंधरा ते अठरा हजार आदेश असतात.

समिती दिवसभर, चहालाही न उठता, आठ तास बसली असे धरू. आठ तासांचे २८,८०० सेकंद. पंधरा हजार आदेशांना वाटले तर एका आदेशाला दोन सेकंदही येत नाहीत. कापसाच्या गाडीची प्रत ठरवायला ग्रेडर याहून जास्त वेळ घेतो आणि त्याच्यावरही आपण अन्यायाची तक्रार करतो. इथे तर एका नागरिकाच्या सगळ्या खासगी बोलण्याचा प्रश्न आहे.

न्यायाधीशापुढे प्रकरण गेले तर काय होते, तेही पाहा. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे लाचेच्या एका प्रकरणातले फोन ऐकण्याचे तीन आदेश आले. यात सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न कुठे आहे, असे न्यायालयाने पाहिले, तो सापडला नाही, आणि तिन्ही आदेश रद्द करून ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली. आदेशाच्या आधीच कोणी असे पाहिले असते तर?

कुलूप म्हणजे काय

कागदावरचे संरक्षण असे पोकळ असल्यामुळे नागरिकाच्या हाती खरे संरक्षण एकच उरते. त्याला एन्क्रिप्शन म्हणतात. नाव अवघड, गोष्ट सोपी. लहान मुले ‘च’च्या भाषेत बोलतात, तेव्हा ज्याला युक्ती माहीत नाही त्याला नुसती चिवचिव ऐकू येते. एन्क्रिप्शनमध्ये युक्ती सगळ्या जगाला माहीत असते, पण किल्ली म्हणून एक प्रचंड मोठा आकडा लागतो आणि तो फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनात असतो. मधल्या तारेवर, टॉवरवर किंवा कंपनीच्या संगणकावर कोणी संदेश पकडला तरी त्याच्या हाती भुसाच लागतो. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ पासून सगळ्या संदेशांना असे कुलूप घातले. सिग्नल या अ‍ॅपचे कुलूपही त्याच घडणीचे आहे.

आकडा किती मोठा यावर कुलपाची ताकद ठरते. आपल्या दूरसंचार खात्याच्या इंटरनेट परवान्यांत बरीच वर्षे अट होती की परवानगीशिवाय ४० बिटांहून मोठी किल्ली वापरायची नाही. ४० बिट म्हणजे सुमारे एक लाख दहा हजार कोटी शक्यता. माणसाला हा आकडा मोठा वाटतो, यंत्राला नाही. जानेवारी १९९७ मध्येच अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने जोडलेल्या संगणकांच्या बळावर असे कुलूप साडेतीन तासांत उघडले होते. आणि मौज पाहा. रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये बँकांना सांगितले की इंटरनेटवरच्या व्यवहाराला किमान १२८ बिटांचे कुलूप घाला. एक खाते म्हणते कुलूप कच्चे ठेवा, दुसरे म्हणते पक्के लावा. बँकेच्या पैशाला पक्के कुलूप आणि नागरिकाच्या शब्दाला कच्चे, हा त्याचा अर्थ.

चोरवाट एकट्या पोलिसाची नसते

सरकारचे म्हणणे असे, की कुलूप असू द्या, पण एक किल्ली आमच्याकडे द्या. आम्ही ती जपून वापरू. वापरणार कोण, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. अशी किल्ली असणे हाच धोका आहे.

आम्ही शेतीशास्त्र शिकलेले आहोत, म्हणून शेतीचे उदाहरण देतो. अमेरिकेत १९७० साली बहुतेक संकरित मक्याचे बियाणे एकाच प्रकारच्या मादी वाणाच्या पेशीद्रव्यावर तयार केलेले होते. त्यामुळे तुरे खुडण्याची मजुरी वाचत होती, बियाणे कंपन्यांना ते सोयीचे होते. त्या पेशीद्रव्यात एक कमजोरी होती. पानावरच्या करपा रोगाच्या एका नव्या बुरशीने ती कमजोरी हेरली आणि एका हंगामात देशातला सुमारे पंधरा टक्के मका गेला. कमजोरी एका रोपात असती तर एक रोप गेले असते. ती सगळ्या शिवारात सारखी पेरलेली होती. कोट्यवधी फोनांत सरकारच्या सोयीसाठी एकच चोरवाट ठेवणे म्हणजे अशीच कमजोरी सगळ्या देशात पेरणे. बुरशीला परवाना लागत नाही.

जगाचा अनुभव हाच आहे. ग्रीसमध्ये २००४ ते २००५ या काळात पंतप्रधान कारामानलिस यांच्यासह शंभराहून अधिक लोकांचे मोबाइल कोणी तरी ऐकत होते. ऐकणाऱ्याने नवी यंत्रणा उभारलेली नव्हती. पोलिसांना कायदेशीर ऐकता यावे म्हणून टेलिफोन कंपनीच्या यंत्रात जी सोय होती, तीच त्याने गुपचूप चालू केली. अमेरिकेने १९९४ साली कायदा करून सगळ्या टेलिफोन कंपन्यांना अशी सोय ठेवायला लावले. २०२४ मध्ये उघड झाले की चीनशी संबंध असलेले हॅकर तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यात शिरले आणि न्यायालयाच्या हुकमाने चाललेल्या टेहळणीच्या माहितीपर्यंत पोचले. त्या डिसेंबरात अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने आपल्या बड्या अधिकाऱ्यांना आणि पुढाऱ्यांना सल्ला दिला की दोन्ही टोकांना कुलूप असलेलेच संदेश वापरा. तीस वर्षे चोरवाट राखली आणि शेवटी कुलपाचा आधार घ्यावा लागला.

‘मग दहशतवादी कसे पकडायचे?’ पकडा ना, कोण अडवते आहे? फोन कोणी कोणाला केला, कधी केला, कुठल्या टॉवरखालून केला, याची नोंद पोलिसांना आजही मिळते. संशयिताचा फोन जप्त करता येतो. बँकेचा हिशेब मागवता येतो. हे सगळे एका ठरावीक माणसाविरुद्ध, कारण दाखवून करायचे असते. कष्टाचे काम आहे, पण पोलिसांचे काम तेच आहे. एका चोरासाठी गावातल्या सगळ्या घरांच्या कड्या काढून ठेवा, असे सांगणाऱ्या पाटलाला गावाने काय म्हटले असते?

शिवाय एकेका माणसाच्या फोनात शिरायची साधनेही बाजारात आहेत. पेगासस हे इस्रायली हेरयंत्र फक्त सरकारांनाच विकतो, असे त्याची कंपनी सांगते. भारतातले पत्रकार, कार्यकर्ते आणि पुढारी त्याचे लक्ष्य असल्याच्या बातम्या जुलै २०२१ मध्ये आल्या. सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगितले गेले की तपासलेल्या २९ फोनांपैकी पाचांत घातक प्रणाली सापडली, ती पेगाससच होती असे निश्चित म्हणता येत नाही, आणि सरकारने समितीला सहकार्य केले नाही. ‘घेतले नाही’ एवढे दोन शब्द सरकारला सरळ सांगता आले असते. सांगितले नाहीत. अशा हाती किल्ल्यांचा जुडगा द्यायचा?

राईनपाड्याचे काय?

एक प्रश्न असा आहे की तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. डवरी गोसावी समाजाची, सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी फिरत आलेली ती माणसे. त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवरून अशा अफवा देशभर फिरत होत्या. महाराष्ट्राने मान खाली घालावी अशी ती घटना होती.

याच घटनांचे कारण दाखवून केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये नियम काढला की मागणी होताच संदेश ‘पहिल्यांदा कोणी पाठवला’ हे कंपनीने सांगितले पाहिजे. कंपनी त्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि कुलूप मोडायला लावले तर देश सोडावा लागेल, असे तिच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये तिथे सांगितले. ही कंपनी काही आपली सोयरी नाही. आपल्या माहितीवर तीही धंदा करते. पण इथे प्रश्न कंपनीचा नाही.

कोणता संदेश उद्या मागितला जाईल हे आज माहीत नसते. म्हणून एका संदेशाचा उगम सांगायचा तर प्रत्येक संदेशावर आजच खूण करून ठेवावी लागते. एका चोरीच्या पोत्यासाठी सगळ्या तालुक्याच्या पोत्यांवर मालकाचे नाव. शिवाय नियम म्हणतो की संदेश परदेशातून आला असेल तर भारतात तो ज्याने प्रथम पाठवला तोच ‘पहिला’ समजावा. आखातात कामाला गेलेल्या भावाने पाठवलेली चित्रफीत भोळेपणाने पुढे ढकलणारी गावातली बाई गुन्ह्याची जननी ठरणार.

आणि राईनपाड्याला काय झाले? मारणारे कुलपाआड नव्हते. दिवसाढवळ्या, बाजारच्या दिवशी, शेकडो लोकांसमोर ते मारत होते आणि त्याच्या चित्रफिती निघाल्या. तिथे कमी पडली ती वेळेवर पोचणारी पोलिसांची कुमक, आणि अफवा आठवडाभर पसरत असताना गावोगाव जाऊन ती खोडून काढणारी यंत्रणा. त्या पाच जणांचे मरण आमच्या फोनची किल्ली मागायला वापरणे म्हणजे आपले अपयश त्यांच्या नावावर झाकणे.

‘लपवण्यासारखे काय आहे?’

शेवटचा आक्षेप सगळ्यांत लोकप्रिय आहे. जो प्रामाणिक आहे त्याला लपवण्यासारखे काय?

आहे, पुष्कळ आहे. सावकाराचे देणे किती, हे लपवण्यासारखे आहे, कारण मुलीचे लग्न जमायचे आहे. घरातले आजारपण लपवण्यासारखे आहे. पंधरा दिवसांनी कुठला पूल अडवायचा, हे लपवण्यासारखे आहे. आणि मंत्र्याशी बोलणी करताना आपण क्विंटलमागे किती रुपयांवर तडजोड करायला तयार आहोत, हा आकडा तर सगळ्यांत जास्त लपवण्यासारखा आहे. बोलणी दोन पक्षांत होतात. एका पक्षाने दुसऱ्याचा आकडा आधीच वाचलेला असेल, तर त्याला बोलणी म्हणत नाहीत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यांनी हा हक्क गुन्हेगारासाठी सांगितलेला नाही; तुमच्याआमच्यासाठी सांगितला आहे.

आमचे पत्र वाचायचे असेल तर सरकारने आधी आपले वाचून दाखवावे. निर्यातबंदीचा निर्णय कोणाच्या सांगण्यावरून झाला, आयातीचा करार कोणाशी ठरला, ही टिपणे मागितली की ‘गोपनीय’ असा शिक्का येतो. सरकारच्या लपवण्याने कांदा मातीमोल होतो. शेतकऱ्याच्या लपवण्याने कोणाचे काय बिघडले?

माघार घ्यायला लावता येते

सरकारपुढे आपले काय चालणार, असे म्हणून बसणाऱ्यांसाठी तीन दाखले देतो. १९८६ साली संसदेने टपाल उघडण्याचे अधिकार वाढवणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही, ते तसेच पडून राहिले आणि २००२ मध्ये मागे घेतले गेले. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्राने एन्क्रिप्शनच्या धोरणाचा मसुदा काढला. नागरिकांनी आपले संदेश कुलूप काढून ९० दिवस जपून ठेवावेत, असे त्यात होते. देशभर गदारोळ झाला आणि २२ सप्टेंबरला मसुदा मागे गेला. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी दूरसंचार खात्याने प्रत्येक नव्या फोनात ‘संचार साथी’ हे सरकारी अ‍ॅप घालूनच विकण्याचा आदेश दिला. ओरड झाली आणि ३ डिसेंबरला सक्ती उठली. तिन्ही वेळा कोणी तरी ‘नाही’ म्हटले. शेवटच्या दोन वेळा तो आवाज बहुतेक शहरांतून आला. पुढच्या वेळी तो गावातूनही गेला पाहिजे.

तालुका बैठकांसाठी ठराव

खालील ठराव प्रत्येक तालुक्याने चर्चा करून मंजूर करावा, अशी आमची सूचना आहे.

१. कोणाचाही फोन ऐकण्याचा किंवा संदेश वाचण्याचा आदेश आधी न्यायाधीशाने मंजूर केल्याशिवाय अमलात येऊ नये.

२. संदेशाचे कुलूप कच्चे ठेवण्याची, त्यात चोरवाट ठेवण्याची किंवा प्रत्येक संदेशावर खूण करण्याची सक्ती कोणत्याही कायद्याने वा नियमाने करू नये. २०२१ च्या नियमांतली ‘पहिला पाठवणारा’ शोधण्याची तरतूद रद्द करावी.

३. ज्याच्यावर टेहळणी झाली त्याला, तपास संपल्यावर ठरावीक मुदतीत, तसे लेखी कळवावे आणि दाद मागण्याची संधी द्यावी.

४. वर्षाला किती आदेश निघाले, किती नाकारले गेले, हे आकडे संसदेत आणि विधिमंडळात मांडावेत.

५. शेतकऱ्यांच्या आंदोलनासाठी, मोर्चासाठी किंवा बंदसाठी इंटरनेट तोडू नये.

कार्यकर्त्यांनी ठरावाची वाट न पाहता काही गोष्टी आजच कराव्यात. फोनला आकडी कुलूप लावा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅकअपलाही एन्क्रिप्शन चालू करा. नाही तर पुढचे दार बंद आणि मागचे उघडे राहते. ग्रूपमधला प्रत्येक नंबर कोणाचा हे तालुकाप्रमुखाला माहीत असले पाहिजे. ज्याला कोणी ओळखत नाही त्याला काढा. सर्वांत पक्के कुलूपही घरभेद्यापुढे चालत नाही.

मंजूर ठरावाची एक प्रत जिल्हा कार्यालयाकडे आणि एक आपल्या खासदाराकडे स्पीड पोस्टाने पाठवावी. या पाकिटाला डिंक लावला नाही तरी चालेल. त्यातला मजकूर सरकारने वाचावा, हीच आपली इच्छा आहे.